जलसेतूवरचा साष्टांग नमस्कार

"कढई आहे ही," भावोजी म्हणाले. "लांबच लांब लोखंडी कढई. तिच्यात पाणी ओतलंय आणि जगभरातून माणसं बघायला बोलावलीत. यांना धंदा कळतो, बाकी शून्य."

मी हसले. भावोजी नावेच्या मागच्या टोकाला सुकाणूची दांडी काखेत धरून उभे होते आणि त्यांच्या शेजारी मी. समोर कालवा झाडांमधून बाहेर पडत होता आणि सरळ हवेत जात होता. दोन टेकड्यांमध्ये दरी, दरीच्या तळाशी नदी आणि नदीच्या वर सव्वाशे फुटांवर, उंच दगडी खांबांवर टेकवलेली ती लोखंडी पन्हळ. पन्हळीतून कालव्याचं पाणी जायचं आणि त्या पाण्यावरून आमची नाव. डाव्या हाताला चालायची पायवाट होती, पूर्वी घोडे नावा ओढायचे तेव्हाची. तिला कठडा होता. उजव्या हाताला काही नव्हतं. पन्हळीची वीतभर कड, आणि तिच्यापलीकडे एकदम खाली, शेंगदाण्याएवढ्या दिसणाऱ्या मेंढ्या.

"भावोजी," आतून आमच्या यजमानांचा आवाज आला. "त्या बाईंनी सांगितलं होतं, शिरायच्या आधी पलीकडून कुणी येतंय का ते बघायचं म्हणून."

"पंत, तुम्ही डोळे मिटून बसा. बघायचं काम आमच्याकडे आहे."

मी पुन्हा हसले.

ही दोन हजार नऊच्या मे महिन्यातली गोष्ट. जागा वेल्समधली. त्या जलसेतूचं नाव मला तेव्हा उच्चारता आलं नाही, आता उच्चारायची इच्छा नाही. माझी भाची मृणाल बर्मिंगहॅमला असते. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिनं त्यांना आठवडाभरासाठी ही नाव भाड्यानं घेऊन दिली होती. सोबत म्हणून आम्ही दोघं. तिला स्वतःला रजा मिळाली नाही.

नाव म्हणजे रेल्वेचा डबा चेपून अरुंद केल्यासारखी वस्तू. सत्तावन्न फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. आत स्वयंपाकाचा ओटा, दोन झोपायच्या जागा आणि एक न्हाणीघर, ज्यात साबण पडला तर दार उघडून बाहेर येऊन मगच वाकता येतं. वेग ताशी चार मैल. शेजारच्या पायवाटेवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या पुढे निघून जायच्या आणि वर हात हलवायच्या.

माझे भावोजी, म्हणजे मृणालचे वडील भालचंद्र टेंबे, पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. उंच, गोरे, आवाज असा की बैठकीत माइक लागायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कालव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला कालवा म्हणतात? आमच्याकडे याला चारी म्हणतात. आमच्या कालव्यातलं एका तासाचं पाणी सोडलं तर यांची चहाची दुकानं समुद्राला मिळतील." नावेच्या धक्क्यावरची जाड भिंगांची बाई तासभर सगळं समजावत होती: दांडी उलट दिशेला ढकलायची, नाव थांबवायची कशी, मागे घ्यायची कशी. भावोजी हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. श्रीधर मात्र वहीत लिहून घेत होते.

श्रीधर म्हणजे आमचे यजमान. साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मुख्याध्यापक व्हायची वेळ आली तेव्हा म्हणाले, मला वर्गात बरं वाटतं. दुसऱ्याला ती जागा मिळाली आणि हे त्याला पेढे घेऊन गेले. रेशनच्या रांगेत चार माणसांना पुढे जाऊ देऊन घरी यायचे. आणि उंचीला घाबरायचे. माझ्या बहिणीच्या पुण्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरी गेलं की गॅलरीकडे पाठ करून बसायचे. अजिंक्यताऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या वाटेत दगडावर बसले आणि म्हणाले, तू जाऊन ये, मी तुझी पिशवी सांभाळतो. मी वर जाऊन आले. तेवीस वर्षांची होते. वरून ते मला दिसत होते, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. तेव्हापासून माझं मन त्यांच्यावरून जे उतरलं ते उतरलंच.

मी विमा कंपनीत विकास अधिकारी होते. मला माणसं अशी लागायची की जी दारातून आली तर खोलीला कळावं. भावोजी तसे होते.

तर आम्ही पन्हळीत शिरलो. माझी मोठी बहीण, मालूताई, नावेच्या पुढच्या टोकाला उघड्यावर छोटं बाक होतं तिथं फोटो काढायला जाऊन बसली. श्रीधर तिच्या मागे, आतल्या बाजूला, पुढच्या दाराशी जमिनीवर बसले होते. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, गुडघे पोटाशी. पायवाटेवरून चालत या म्हणावं तर तेही उंचच. ते त्यातल्या त्यात हवेपासून लांब बसले होते.

पाव पूल झाला असेल नसेल, समोरून दुसरी नाव दिसली. हिरवी, जुनाट, टपावर फुलझाडांच्या कुंड्या. पन्हळीत एकाच नावेची जागा. ती नाव पाऊण पूल ओलांडून आली होती.

"थांबेल तो," भावोजी म्हणाले.

तो थांबला. आम्हीही थांबलो, कारण पुढे जागाच नव्हती. दोन नावांची नाकं चार हातांवर समोरासमोर आली. हिरव्या नावेतून एक सत्तरीचा म्हातारा पायवाटेवर उतरला आणि शांतपणे चालत आमच्यापर्यंत आला. डोक्यावर लोकरीची टोपी, हाताला तेल लागलेलं.

"सुप्रभात," तो म्हणाला. "तुम्हाला मी दिसलो नाही बहुतेक. तुम्हाला थोडंच मागे जावं लागेल. जाता का?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण गोऱ्याशी स्वतः बोलायचं नाही, दुसऱ्याकडून बोलवायचं, अशी त्यांची पद्धत. "त्याला सांग, मी अधीक्षक अभियंता होतो. अर्ध्या महाराष्ट्राचं पाणी माझ्या सहीनं सुटायचं."

आणि मी ते सांगितलं. अगदी तसंच.

"अरे वा," म्हातारा म्हणाला. "मग मागे घेणं तुम्हाला अवघड जाणार नाही."

"काय म्हणतो?"

"मागे घ्या म्हणतो."

"त्याला म्हणावं तू घे."

मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, मी तीन भाग आलोय. तुमचा एकच भाग झालाय. पण असू दे, मी तुम्हाला मागे घ्यायला मदत करतो. दोरी द्या, मी पायवाटेवरून ओढतो. काही अवघड नाही."

मला तो माणूस एकदम क्षुद्र वाटला. दोरी ओढतो म्हणे. साहेब असून हमालासारखा. आमच्या श्रीधरच्या जातकुळीतला.

"नको म्हणावं," भावोजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. तेव्हा मला तो संताप वाटला. त्यांना नाव मागे घेता येत नव्हती, एवढंच होतं ते. त्या बाईनं शिकवलं तेव्हा ते हाताची घडी घालून उभे होते आणि वही श्रीधरकडे होती.

म्हातारा खांदे उडवून आपल्या नावेकडे परत निघाला. जाता जाता ताईला हात केला. ती उभी राहून त्या उघड्या बाजूनं दरीचा फोटो घेत होती.

"भावोजी," आतून श्रीधर म्हणाले, "माझ्या वहीत लिहिलंय. आधी मूठ मधे आणायची, मग हळूच मागे—"

"पंत!" भावोजी ओरडले. "तोंड बंद!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याला आता दाखवतोच. गाढव नुसतं सांगून हलत नाही, रेटावं लागतं."

त्यांनी वेगाची मूठ पुढे लोटली. इंजिन गुरगुरलं, सगळी नाव थरथरली आणि आमचं नाक जाऊन त्या हिरव्या नावेवर धाडकन आदळलं. मी टपाची कड धरून सावरले. आत भांडी पडली. पुढून ताईची किंकाळी आली. एकच, छोटी, मधेच तोडल्यासारखी. तिच्यामागून काहीतरी घासटल्याचा आवाज.

"काय झालं?" मी म्हणाले.

"काही नाही. पंतांनी धोतर ओलं केलं असेल. जा, बघ."

मागून पुढचं काही दिसत नव्हतं, मधे सगळं टप होतं. मी पायवाटेवर उतरले आणि पुढे निघाले. सावकाश गेले. मला घाई नव्हती. पायाखाली दरी होती आणि ती मला आवडत होती, मी कठड्याला हातसुद्धा लावला नाही. आपल्याला भीती वाटत नाही ही गोष्ट मला सतत तपासून बघायला आवडायची.

पुढे पोचले तर म्हातारा नावेच्या नाकाजवळ, पायवाटेवर उभा होता. दोन्ही हात पुढे धरलेले, जसे काही झेलणार आहे. चेहरा राखेसारखा.

आणि नावेच्या पुढच्या भागात आमचे यजमान. पालथे पडलेले. दोन्ही हातांनी ताईच्या पायांना मिठी, तोंड तिच्या घोट्यांवर दाबलेलं, डोळे गच्च मिटलेले. अंग हिव भरल्यासारखं हलत होतं. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, पंजाबी ड्रेसची एक बाही फाटलेली, डोळ्यांवर चष्मा नाही. ती त्यांच्या हाताची बोटं एक एक करून सोडवत होती. अगदी हळूच, लहान मूल झोपल्यावर सोडवतात तशी.

मला जे दिसलं ते मला पुरेसं होतं. नाव आदळली, हे घाबरले आणि समोर दिसेल त्याला जाऊन चिकटले. माझ्या बहिणीच्या पायांना. बाई पडली, बाही फाटली, चष्मा गेला. परक्या माणसासमोर.

"अहो!" मी म्हणाले. "सोडा तिला! लाज नाही वाटत?"

श्रीधरनी डोळे उघडले नाहीत.

"कुंदा," ताई म्हणाली. "कुंदा, अगं..." तिनं मागे पाहिलं, जिथून भावोजींचा आवाज येत होता. मग म्हणाली, "काही नाही. चष्मा पडला. खाली."

"काय झालं?" मागून भावोजींनी विचारलं.

मी वळून, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, "काही नाही हो! आमच्यांनी ताईला साष्टांग नमस्कार घातलाय!"

भावोजी हसले. त्यांचं हसू मोठं होतं, ते दरीत गेलं आणि समोरच्या टेकडीवर आपटून परत आलं. मीही हसले. पोट धरून हसले. किती वेळ हसले ते आठवत नाही, पण ताईनं सगळी बोटं सोडवून होईपर्यंत मी हसतच होते.

मग मला म्हाताऱ्याचं भान आलं. मी त्याला म्हणाले, "माफ करा. माझे यजमान आहेत. त्यांना उंचीची फार भीती वाटते."

त्यानं पुढे धरलेले हात खाली घेतले.

"हो," तो म्हणाला. "किती घाबरलेत ते मी पाहिलं. म्हणूनच सांगतो मॅडम. त्या माणसाला जपा."

रोगी माणसाबद्दल सांगावं तसं तो सांगतोय असं मला वाटलं. मी मान डोलावली. तो आपल्या नावेवर चढला, आणखी एक अक्षर न बोलता त्यानं नाव मागे घ्यायला सुरुवात केली. पाऊण पूल. मागे बघत, दांडी हलवत, सरळ रेषेत. भावोजी त्याच्या मागोमाग आमची नाव दामटत होते.

"बघितलंस?" मी परत जाऊन शेजारी उभी राहिले तेव्हा ते म्हणाले. "शेवटी घेतली ना मागे? हे लोक असेच. दीडशे वर्षं आपण यांना उगाच घाबरलो."

पलीकडच्या काठाला म्हाताऱ्यानं नाव बाजूला लावली होती. आम्ही शेजारून गेलो. भावोजींनी त्याला सलाम ठोकला. त्यानं वर पाहिलं नाही.

त्या दुपारी आम्ही एका झाडाखाली नाव बांधली. ताईनं मुगाची खिचडी टाकली. श्रीधर हातपाय धुऊन, कपडे बदलून बसले होते. त्यांच्या हनुवटीला खरचटलं होतं आणि दोन्ही कोपरं सोलली होती. भावोजी पुन्हा पुन्हा तोच प्रसंग रंगवून सांगत होते, माझं वाक्य स्वतःच्या नावावर खपवून. ताईनं ताटं घेतली आणि पहिलं ताट श्रीधरना वाढलं. भावोजींच्या आधी. चाळीस वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. वर तुपाची धारही त्यांनाच जास्त. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आजाऱ्याला आधी वाढतात.

"पंत," भावोजी म्हणाले, "नमस्कार घातलात तो घातलात, पण आशीर्वाद काय मिळाला ते तरी सांगा."

श्रीधर घास गिळून म्हणाले, "मिळाला की."

आम्ही दोघं परत हसलो. ताई उठून ओट्याशी गेली आणि पाण्याचा नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर ही गोष्ट आमच्या घराण्याची झाली. भावोजी ती सांगायचे आणि मी मधे मधे भर घालायचे. पुढे पुढे मीच जास्त चांगली सांगायला लागले. श्रीधर कसे पालथे पडले ते मी हात पसरून दाखवायचे, म्हातारा कसा टोपी काढून उभा राहिला तेही घातलं, जणू तो देवळात आला होता. मंगळागौरीला सांगितली, डोहाळजेवणाला सांगितली. आमच्या मुलाच्या साखरपुड्याला व्याह्यांना सांगितली. श्रीधर तेव्हा लाडवांचं तबक फिरवत होते. व्याही हसता हसता म्हणाले, "काय हो, खरं का हे?" आणि हे म्हणाले, "सांगते तर ती छान."

ताई असायची अशा वेळी. कुणी तिच्याकडे वळून विचारलं की ती पदर नीट करायची, आणि तिला नेमकं काहीतरी आठवायचं, गॅस बंद करायचा राहिलाय किंवा असंच.

दोन हजार एकवीसच्या डिसेंबरात भावोजी गेले. झोपेतच. तेराव्यानंतर घरात थोडी माणसं उरली होती. मृणाल बर्मिंगहॅमहून आली होती. श्रीधर आदल्या दिवशीच साताऱ्याला परतले होते, मी ताईजवळ राहिले होते. दुपारी सगळे हॉलमध्ये उगाच बसलेले, बोलायला विषय नाही.

मृणाल म्हणाली, "मावशी, ती नावेची गोष्ट सांग ना. बाबांना किती आवडायची."

मी सावरून बसले. "अगं, काय सांगायचं," मी म्हटलं, "तुझे बाबा सुकाणू धरून उभे, नुसता रुबाब. आणि तुझे काका आत, गुडघे पोटाशी घेऊन..."

"कुंदा, पुरे," ताई म्हणाली.

"अगं, पोरांना जरा..."

"पुरे म्हटलं ना. इकडे ये."

ती आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. पलंगावर भावोजींचे कपडे काढून ठेवले होते, वाटायचे म्हणून. तिनं एक शर्ट उचलला आणि घडी घालायला लागली.

"मी गेले होते त्या दिवशी," ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली. नाव आदळली तेव्हा मी उभी होते, फोटो काढत. उजव्या बाजूनं बाहेर फेकले गेले. कमरेपासून वरची सगळी बाहेर. डोकं खाली. हात पन्हळीच्या कडेवर टेकले, ते ओल्यावरून सटकले. चष्मा गेला तो मी जाताना बघत होते, कुंदा. किती वेळ जात होता तो."

तिनं शर्टाची बाही आत वळवली.

"माझे पाय उचलले गेले होते. आता संपलं असं मी म्हटलंसुद्धा मनात. तेवढ्यात मागून कुणीतरी पायांवर अंग टाकलं. श्रीधरराव. डोळे मिटूनच आले ते, दारातून सरपटत. एकदाही उघडले नाहीत. मला आत ओढलं, मी खाली बसले, तरी ते पाय सोडेनात. मी म्हणत होते, अहो, मी आत आलेय. त्यांना कळतच नव्हतं. आणि मग तू आलीस."

तिनं शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"त्या म्हाताऱ्यानं सगळं पाहिलं. म्हणून तर त्यानं नाव मागे घेतली. मला लवकर जमिनीवर उतरता यावं म्हणून."

"मग तू बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "बारा वर्षं, ताई?"

"काय सांगायचं होतं? तुमच्या हट्टापायी मी मेले असते, असं? तुला ह्यांचा स्वभाव माहीत होता. चूक दाखवली की सहा सहा महिने घरात अबोला. मृणालच्या वेळी एकदा असंच... जाऊ दे. मी श्रीधररावांपुढे हात जोडले. तू हसून झाल्यावर म्हाताऱ्याकडे वळलीस तेव्हाच जोडले, खाली, तुला दिसणार नाहीत असे. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि मान हलवली. बस्स." तिनं शर्ट बाजूला ठेवला. "मला वाटलं होतं, तुला तरी घरी गेल्यावर सांगतील. पहिल्यांदा तू ती गोष्ट रंगवून सांगितलीस तेव्हा मला कळलं की नाही सांगितलं. मग माझीच हिंमत होईना. दर वेळी तू सांगायचीस आणि दर वेळी मी उठून जायचे. चोर मीही आहे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं साताऱ्याला आले. वाटेत मी खूप वाक्यं जुळवली. माफी मागायची होती मला, पण ती मागताना आपण कसे दिसू याचाही विचार चालू होता. खंबाटकी घाटात माझ्या लक्षात आलं की मी ही नवी गोष्टसुद्धा सांगण्यासारखी बसवतेय. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा.

दार उघडंच होतं. श्रीधर स्वयंपाकघरात पाटावर बसून मटारच्या शेंगा सोलत होते. समोर वर्तमानपत्रावर शेंगांचा ढीग, ताटलीत दाणे.

"आलीस? चहा टाकू?"

"ताईनं सांगितलं मला," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. काय सांगितलं असं विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

मी समोर बसले. जुळवलेली वाक्यं काही आठवेनात. "का नाही बोललात?"

"मालूताईंनी नको म्हटलं होतं."

"लोकांना नका सांगू. मला? मला एकटीला सांगायचं होतंत."

त्यांनी आणखी एक शेंग मोडली. "तुला सांगून काय झालं असतं?"

"मी हसले नसते. इतकी वर्षं चारचौघांत तुमची..."

"हसली असतीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. इतिहास-भूगोलाच्या पेपरात चूक दाखवतात तसा सरळ आवाज. "ह्याच्यावर नाही तर दुसऱ्या कशावर. तुला काहीतरी लागतंच. ही गोष्ट बरी होती. ही निदान खोटी होती."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी त्यांच्या कोपरांकडे पाहिलं. तिथं आता काहीच खूण नव्हती.

काहीतरी करायला हवं म्हणून मी हात पुढे करून मूठभर शेंगा घेतल्या. एक सोलली, दाणे ताटलीत टाकले. दुसरी सोलली.

श्रीधरनी ताटलीतून माझे दाणे बाजूला केले, बोटानं उलटसुलट करून बघितले, त्यातला एक उचलून टाकून दिला. मग माझ्या हातातल्या शेंगा काढून घेतल्या.

"राहू दे," ते म्हणाले. "तू नीट बघत नाहीस. अळ्या तशाच राहतात."